वर्गणीचं घर

लॅव्हनमच्या गिल्डहॉलची भिंत मुळात कुडाची आहे.

नागभीडच्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इंग्लंडमधली पाचशे वर्षांची इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घडीव दगड येतो. माझ्याही आला होता. मुलगी नोकरीनिमित्त इप्सविचला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका सुटीच्या दिवशी ती मला सफक परगण्यातल्या या लहानशा गावी घेऊन गेली. "विणकरांचं गाव आहे, तुला आवडेल," एवढंच म्हणाली. बाजारचौकाच्या कोपऱ्यावर ती इमारत उभी होती. ओकचे उभे खांब ओळीनं, दोन खांबांत जेमतेम हातभर अंतर. वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला, उन्हात कपाळावर आडवा हात धरावा तसा. खांबांच्या मधल्या जागेत काय भरतात, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, "काठ्या विणून जाळी करायची. तिच्यावर माती, शेण आणि तुकडे केलेलं गवत मळून थापायचं. वरून चुना."

"म्हणजे कूड," मी म्हणाले.

ती नागपूरला वाढली. कूड हा शब्द तिला माहीत नव्हता. त्या चौकात उभं राहून मी तिला सांगितलं, की तिच्या पणजोबांच्या नागभीडच्या घराची मागची भिंत अशीच होती, बांबूच्या कमच्यांची, आणि दिवाळीआधी आई नि काकू तिला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायच्या. पोतारा म्हणजे काय, तेही सांगावं लागलं.

त्या काळी ओक ओला असतानाच वापरत. ओलं लाकूड पटाशीला मऊ लागतं, वाळलं की लोखंडासारखं होतं. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं, आरपार छिद्र पाडून लाकडाचीच खुंटी ठोकायची. मग लाकूड वर्षानुवर्षं वाळत जातं, पिळतं, आणि पिळता पिळता सांधा आणखी घट्ट धरतं. म्हणून त्या गावातली घरं वाकडी झाली आहेत आणि उभी आहेत. सगळा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात आडवा जुळवत, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खूण करत, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करत. कुठलं कुसू कुठल्या भोकात, हे त्या खुणांवरून कळे. जुन्या लाकडी इमारतींवर अशा खुणा अजून दिसतात, रोमन आकड्यांसारख्या उभ्या-तिरप्या रेघा.

आमच्या सपरीच्या सहा सागवानी खांबांवर अगदी तशाच रेघा होत्या. एक, दोन, तीन, पुढे एक तिरपी. लहानपणी मला वाटायचं, की ते कुणाच्या तरी उधारीचं खातं आहे.

सपरी म्हणजे घराच्या पुढची ओसरी. आमची मोठी होती, वीस-पंचवीस माणसं बसतील एवढी. खांब तळखड्यांवर उभे, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. वस्ती कोष्ट्यांची आणि काम कोशाचं. कोसा म्हणजे टसर. त्याची अळी तुतीच्या अळीसारखी घरात वाढत नाही. ती जंगलात येनाच्या, अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते, आणि पाखरांपासून, मुंग्यांपासून तिला राखायला माणसांना रानात राहावं लागतं. आरमोरीकडचे ढिवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांच्याकडून कोश यायचे, मातकट रंगाचे, टणक, देठासकट. राखेच्या पाण्यात ते उकळायला लागले की घरभर असा वास सुटायचा, की शाळेत माझ्या फ्रॉकलाही तो यायचा. उकळलेल्या कोशातून आई आणि काकू मांडीवर धागा वळायच्या. आईच्या मांडीवर तेवढीच एक तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती, चकचकीत, एकही केस नसलेली. ती आंघोळीला बसली की मी त्या जागेवरून बोट फिरवून बघायची.

पुरुष खड्डामागावर बसायचे. करवतकाठी लुगडं विणायचं तर तीन धोटे लागतात, अंगाला एक आणि दोन काठांना दोन. काठाचा रंगीत धागा आणि अंगाचा कोशाचा धागा जिथे भेटतात तिथे त्यांना दर फेरीला एकमेकांत अडकवत जायचं. म्हणजे काठाला करवतीचे दात उठतात. काठाचा धागा चुकला तर ते दात एका रेषेत येत नाहीत, आणि विणकराला ते दहा पावलांवरून कळतं. कोसा महाजनाचा असला तर ठाण महाजनाकडे जायचं आणि हातात मजुरी पडायची. कोसा स्वतःचा असला, आणि तसं वर्षातून क्वचितच घडायचं, तर आजोबा गाठोडं घेऊन लहान गाडीनं इतवारीला जायचे. नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची लाईन १९०८ सालची. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली, तेव्हा ठाण घेऊन जाणारं आमच्या घरात कुणी उरलंच नव्हतं.

बाजाराच्या आदल्या रात्री सपरीत बैठक बसायची. कोशाचा भाव, मजुरीचा दर, कुणाच्या घरी मयत झाली तर काय काढायचं, कुणाच्या मागाचं लाकूड मोडलं तर कुणी द्यायचं. वर्गणी आजोबांच्या पितळी डब्यात पडायची, आणि कुणाला त्यातून उचल दिली तर तिची नोंद तिसऱ्या खांबावर कोळशानं व्हायची. फेडली की सगळ्यांदेखत ओल्या फडक्यानं पुसायची. कागद नव्हता असं नाही. आजोबांना लिहिता येत होतं. पण खांबावरचं सगळ्यांना दिसतं, असं ते म्हणायचे. दोन रेघा मात्र वर्षानुवर्षं तिथेच होत्या. तो माणूस वारला होता आणि त्या पुसायच्या की नाही, यावर बैठकीत एकमत होत नव्हतं.

मी हे दाराआडून ऐकायची. आम्हा बायकांना त्या बैठकीत जागा नव्हती. धागा आमच्या मांडीवर वळला जायचा आणि त्याचा भाव सपरीत ठरायचा. तेव्हा मला ते खटकलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. खटकलं फार पुढे, स्वतः नोकरीला लागल्यावर.

गिल्ड हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'देणं', 'भरणा' या अर्थाच्या शब्दातून आला आहे. म्हणजे गिल्ड ही वर्गणी भरणाऱ्यांची मंडळी आणि गिल्डहॉल हे वर्गणीचं घर. देवळातल्या मेणबत्त्या, आजाऱ्याची मदत, मयतीचा खर्च, मेलेल्यांसाठी प्रार्थना, वर्षातून एकदा पंगत. आमच्या पितळी डब्याचीच कामं. यॉर्कच्या व्यापाऱ्यांनी १३५७ पासून चार-पाच वर्षांत जो हॉल बांधला, त्यात वर मोठ्या दालनात बैठका आणि व्यवहार चालत, आणि बरोबर त्याच्या खाली, त्याच खांबांच्या पायाशी, गोरगरीब आजाऱ्यांना ठेवत. वर बसून भाव ठरवणाऱ्याला खालचं खोकणं ऐकू येत असेल. इमारतीच्या त्या आखणीत एक मोठी समज आहे असं मला वाटतं.

लॅव्हनमचा हॉल १५३० च्या सुमाराचा, कॉर्पस ख्रिस्ती या गिल्डचा. निळ्या जाड लोकरी कापडावर हे गाव त्या काळी इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत गावांत जाऊन बसलं होतं. हॉलमागच्या बागेत आजही रंगाची झाडं लावलेली आहेत. त्यातल्या वोड नावाच्या झाडाच्या पानांतून तो निळा रंग निघायचा. मी त्या पानांना हात लावला. मनात भरून आलं होतं. वाटत होतं, विणकरांनी आपल्या हातच्या कमाईतून केवढं घर उभं केलं! आजोबांनी हे बघायला हवं होतं.

मग मुलगी तिथली माहिती पुढे वाचत गेली तसं उलगडलं, की तो हॉल विणकरांचा नव्हता. तो कापडाच्या व्यापाऱ्यांचा होता. लोकर त्यांची. एका घरी कातायला द्यायची, दुसऱ्या घरी विणायला, तिसऱ्याकडे कुटायला, रंगवायला, आणि माल गोळा करून विकायचा. विणकराच्या हातात मजुरी. शब्द वेगळे होते, पण रीत आमच्या महाजनाचीच. त्या गावचा थॉमस स्प्रिंग नावाचा व्यापारी १५२३ साली वारला, तेव्हा तो सरदार-उमराव सोडले तर देशातल्या सर्वांत धनवान माणसांपैकी होता. गावच्या चर्चचा प्रचंड मनोरा त्याच्या पैशानं पुरा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५२५ मध्ये, आठव्या हेन्रीच्या दरबारानं फ्रान्सशी लढायला जादा पैसा मागितला. व्यापाऱ्यांनी हातात रोकड नाही म्हणून काम देणं थांबवलं, आणि आसपासच्या गावांतून हजारो विणकर, कातणारे, पिंजणारे लॅव्हनमला येऊन जमले. राजाला मागणी मागे घ्यावी लागली. एवढी माणसं जमली ती उघड्यावर. त्यांच्यासाठी हॉल नव्हता, आणि चार-पाच वर्षांनी जो बांधला गेला तोही त्यांच्यासाठी नव्हता.

१५४७ मध्ये धार्मिक गिल्डं बरखास्त झाली. इमारत पुढे गावाची कचेरी झाली, तुरुंग झाली, निराधारांना कामाला जुंपण्याचं घर झाली. १९५१ पासून नॅशनल ट्रस्ट ती सांभाळतो, आणि फार प्रेमानं सांभाळतो. वर्गणी भरणारे सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वीच गेले. घर राहिलं.

परतल्यावर आपल्याकडच्या जुन्या विणकरांचा माग काढत मी नाशिकला पांडवलेण्यांत गेले. शिक्षिका म्हणून मुलांच्या सहली घेऊन दोनदा गेले होते, पण तेव्हा सगळं लक्ष पोरं मोजण्यात. या वेळी दहाव्या लेण्यासाठीच गेले. त्याला पुढे खांबांची ओसरी आहे. खांबांच्या माथ्यावर जनावरं बसलेली आहेत, आणि ओसरीच्या भिंतीवर, छताला लागून, ब्राह्मी अक्षरांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. त्यातला एक लेख मी आधी पुस्तकातून अर्थासह वाचून गेले होते. तो ठेवीचा आहे. उषवदातानं हे लेणं भिक्षूंना दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. कुणाकडे ठेवले? गोवर्धनातल्या कोलिकांच्या दोन निकायांकडे. कोलिक म्हणजे विणकर, निकाय म्हणजे त्यांचा संघ. एकाकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजानं. दुसऱ्याकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, कापडासाठी.

मी तिथेच बसून हिशेब केला. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. एक कवडीही इकडची तिकडे नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला तो हिशेब, आणि तो जमला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याच लेखात पुढे म्हटलं आहे, की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर, म्हणजे दफ्तरात, नोंदवलं. निगमसभा म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या नगराची सभा. म्हणजे गोवर्धनाला अशी एक बसण्याची जागा असली पाहिजे, जिथे राजाच्या जावयाचा करार विणकरांसमोर मोठ्यानं वाचला गेला. गोवर्धन नावाचं गाव नाशिकजवळ गोदावरीकाठी आजही आहे. ती जागा नाही. दगडाची नसणार. खांब, कूड, वर छप्पर असं काही असेल तर ते केव्हाच मातीत गेलं. लाकडी फलकही गेले. उरली ती ओसरीच्या भिंतीवरची नोंद.

जुन्नरच्या लेण्यांतही असेच लेख आहेत. तिथे बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या संघांकडे ठेवी ठेवल्याचं लिहिलं आहे. पण माझं मन विणकरांवरच अडून राहिलं. ज्यांच्याकडे कायमचा पैसा ठेवावा, आपण मेल्यावरही हे लोक व्याज देत राहतील असं राजाच्या घरच्या माणसाला वाटावं, असे विणकर या मुलखात होते. माझ्या आजोबांना महाजनानं कोसा उधार देताना शेजाऱ्याची हमी मागितली होती. मला ती संध्याकाळ आठवते. आजोबा सपरीच्या पायरीवर उभे होते आणि महाजन आत बसला होता.

आपल्या भागात वर्गणीचं घर आज जिवंत बघायचं असेल तर मेंढ्याला जावं लागतं. मेंढा (लेखा), गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर. गाव गोंडांचं. गोंडांच्या, माडियांच्या गावांत गोटूल असतो. त्याच्याबद्दल शहरी माणसांनी नको ते बरंच लिहून ठेवलं आहे, पण गडचिरोलीत गोटूल म्हणजे आधी गावाची बसायची जागा, पाहुण्याची उतरायची जागा, तंटा मिटवायची जागा. ऐंशीच्या दशकात, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं त्या वातावरणात, मेंढ्यानं आपला मोडलेला गोटूल पुन्हा बांधायचं ठरवलं. परंपरेप्रमाणे सागाचे खांब आणले. जंगलातून सागाचं लाकूड आणलं म्हणून वनखात्यानं तो पाडून लाकूड नेलं. गावानं तो पुन्हा बांधला. मग आजूबाजूच्या गावांनीही आपापले गोटूल बांधायला घेतले.

मला यात सगळ्यांत मोठं वाटतं ते हे, की भांडण खांबांपासून सुरू झालं. ज्या जंगलाशेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्यातलं लाकूड आपल्या सगळ्यांच्या घराला लावायचं की नाही, हे कुणी ठरवायचं? मेंढ्याचे देवाजी तोफा आणि त्यांचं गाव, आणि चंद्रपूरहून येऊन त्यांच्याबरोबर अभ्यास करत बसणारे मोहन हिराबाई हिरालाल, हा प्रश्न धरून बसले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू विकण्याची परवानगी गावाच्या हातात आली. लॅव्हनमच्या आणि नागभीडच्या विणकराकडे जे नव्हतं ते हेच होतं. लोकर दुसऱ्याची, कोसा दुसऱ्याचा. माल आपला नसला की सपरी कितीही मोठी असली तरी तिच्यात ठरलेला भाव सपरीच्या पायरीपर्यंतच चालतो.

मी गेले ती हिवाळ्यातली दुपार होती. गोटुलात चार-पाच बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मूल झोपलं होतं. आता गावाचा निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो, एकाचाही विरोध असला तर तो पुढच्या बैठकीवर जातो, आणि सगळ्यांत बायकाही आल्या. "तुमी बी बसा जी," त्या म्हणाल्या. मी बसले. बराच वेळ काही बोलले नाही. आमच्या सपरीत मी साठ वर्षांत एकदाही बैठकीला बसले नव्हते, आणि इथे परक्या गावच्या गोटुलात, मागितल्याशिवाय, मला जागा मिळाली होती.

परतताना नागभीडला थांबले. माझे काकाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांनी काम देणं सोडल्यापासून विणणं बंद आहे, पण माग जागेवर आहे, फणी चढवलेली आहे. घरात दुसरं कुणी विणत नाही. मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवायला गेले, तर त्यांना ते नीट दिसेनात. मग तोंडीच सांगितलं. लॅव्हनमची भिंत त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "हा तं आपलाच कूड होय." पुढे हॉल व्यापाऱ्यांचा होता म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

नाशिकचं सांगितलं तेव्हा मात्र ते सरसावून बसले.

"पैसा कोनाजवर ठेवला म्हनतेस?"

"विणकरांजवळ, काकाजी."

"राजाच्या जावयानं?"

"हो."

"अन् सावकार?"

"सावकाराचं नाव नाही तिथे."

ते गप्प झाले. मग हळूहळू त्यांनी मला सगळा हिशेब पुन्हा म्हणायला लावला. दोन हजार. शेकडा एक. महिन्याला वीस. प्रत्येक आकड्याला बोटाचं एक पेर मोजत होते. वीस भिक्षूंना बारा-बारा इथे आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"कपड्यासाठी?"

"हो, वर्षाच्या कपड्यासाठी."

"पन्हा किती होता वो बाई त्याचा?"

लेखात पन्हा लिहिलेला नाही. तसं मी म्हणाले. काकाजी उठले, भिंतीला धरत धरत मागाच्या खड्ड्याशी गेले, खाली वाकून फणीच्या दोन टोकांना दोन हात लावले, आणि हातांतलं अंतर न मोडता तसेच माझ्याकडे वळले.

"एवढा तं असन," ते म्हणाले.